हातातला रिफ्रॅक्टोमीटर: काही महिने वापरल्यानंतर

रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे द्रवात उजेड किती वाकतो यावरून त्यात किती साखर आहे ते दाखवणारं साधन. ० ते ३२ ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे द्रावणातल्या साखरेचे वजनाने टक्के), तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारा, बॅटरी न लागणारा हा रिफ्रॅक्टोमीटर मी एकाच कारणासाठी घेतला. पदार्थाचे काही गुणधर्म तो किती आहे यावर अवलंबून नसतात, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

वापरायला अगदी सोपा. प्रिझमवर दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं दिसतं आणि दोन्हींमधली रेघ पट्टीवर आकडा दाखवते. ठराविक कोनापलीकडे प्रिझममध्ये उजेड पोचतच नाही आणि तो कोन द्रवाच्या अपवर्तनांकावर (द्रव उजेडाला किती वाकवतो, त्याच्या आकड्यावर) ठरतो, एवढंच त्यामागचं गणित. शुद्ध पाण्याला रेघ शून्यावर हवी. नसेल तर वरचा स्क्रू फिरवायचा.

माझा आवडता प्रयोग सांगतो. दोन भांड्यांत साखरेचं १२ टक्क्यांचं द्रावण सारखंच घ्या आणि एकत्र ओता. वजन दुप्पट, आकारमान दुप्पट, रेघ मात्र १२ वरच! आता १० टक्क्यांचं ३०० ग्रॅम आणि २० टक्क्यांचं १०० ग्रॅम मिसळा. ३० नाही, १५ही नाही, उत्तर १२.५. पट्टीवरचे भाग ०.२ चे आहेत, त्यामुळे रेघ १२.४ आणि १२.६ च्या बरोबर मध्ये थांबते. ती तिथे थांबलेली बघताना मला दरवेळी आनंद होतो.

घनताही अशीच, द्रव किती घेतला यावर न अवलंबणारी, पण ती मोजणारा हायड्रोमीटर तरंगायला उंच नळकांडं भरून द्रव लागतो. इथे दोन थेंबांत काम होतं. थेंब इतके कमी असल्याचा तोटाही आहे: पातळ थरातलं पाणी उडतं आणि आकडा हळूहळू चढतो, म्हणून वाचन लगेच घ्यावं. गरम द्रव टाकला तर मात्र थोडं थांबावं. तापमानाची दुरुस्ती असली तरी प्रिझम आणि द्रव सारख्या तापमानाला यायला वेळ लागतो.

एक गोष्ट खरेदीआधी माहीत हवीच. हे साधन साखर ओळखत नाही, ते फक्त अपवर्तनांक बघतं. १० टक्के मिठाचं पाणी टाकलं तर ते साधारण ११.७ ब्रिक्स दाखवतं. अशा वेळी दुसरा गुणधर्म मदतीला घ्यावा लागतो. २० अंश सेल्सिअसला त्या मिठाच्या पाण्याची घनता मिलिलिटरला सुमारे १.०७१ ग्रॅम भरते, तर तेवढाच आकडा दाखवणाऱ्या साखरेच्या द्रावणाची सुमारे १.०४५ ग्रॅम. ठराविक आकारमान मोजून तराजूवर ठेवलं की फरक लगेच कळतो. मला वाटतं, हे साधन तराजूसोबतच घ्यावं.

डोळ्याजवळचं रबर सैल आहे, पण ते चालून जातं. पट्टीची मर्यादा जास्त जाणवते. ती अपवर्तनांकाच्या १.३८ च्या आसपास संपते आणि ग्लिसरीनचा १.४७ आहे. तसले द्रव तपासायचे असतील तर हे मॉडेल घेऊ नका, ॲबे पद्धतीचं, म्हणजे अपवर्तनांकाची जास्त मोठी पट्टी असलेलं टेबलावरचं उपकरण बघा.