एसडीक्यू घ्यावी की पीएससी-१७?

पालकसभेनंतर एक आई माझ्यासमोर बसून पीएससी-१७चा, म्हणजे मुलांच्या अडचणी हेरणाऱ्या सतरा प्रश्नांच्या यादीचा, कागद भरत होत्या. खुणा भराभर होत आल्या आणि शेवटाकडे पेन थांबलं. "सर, स्वतःच्या नसलेल्या वस्तू घेतो, म्हणजे? कोणी काही बोललंय का आमच्या मुलाबद्दल?" कोणी बोललं नव्हतं, सगळ्या वर्गाला तोच कागद होता. ते सांगूनही त्यांनी मागे जाऊन आधीचे दोन 'कधी कधी' खोडले आणि तिथे 'कधीच नाही' केलं. एकूण शून्य. त्या आठवड्यात असे शून्याचे कागद इतके जमले की चाळणीत काही उरेचना.

शाळेत मुलांच्या भावनिक आणि वर्तनाच्या अडचणींची चाळणी करायची म्हटलं की बहुतेकांची निवड एसडीक्यू (स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर) आणि पीएससी-१७ (पेडियाट्रिक सिम्प्टम चेकलिस्ट) या दोन प्रश्नावल्यांतच अडते. दोन्ही कागदावर फुकट, दोन्ही दहा मिनिटांच्या आत. माझं माप पट्टीने घेतलेलं नाही, दोन्ही वापरून जे दिसलं ते सांगतोय.

पीएससी-१७मध्ये सतरापैकी सतरा प्रश्न उणिवांचे. एसडीक्यूत चोरीचा प्रश्न नाही असं नाही, पण तो बाविसावा. तोवर मूल दुसऱ्याच्या मनाचा विचार करतं का, कुणाला लागलं तर धावून जातं का, लहानग्यांशी प्रेमाने वागतं का, हे विचारून झालेलं असतं. खाऊ, खेळणी, पेन्सिली इतरांना देतं का, असं एसडीक्यू विचारते. पीएससी-१७ विचारते, वाटून घ्यायला नकार देतं का. मुद्दा एकच, पण पहिल्या प्रश्नाला आई हसून एखादा किस्सा सांगते. हे चांगुलपणाचे पाच प्रश्न अडचणींच्या ४० गुणांत धरतच नाहीत. माझ्या मते खरं काम तेच करतात.

दुसरं कारण पोटदुखीचं. आपल्याकडे 'मला भीती वाटते' असं मूल क्वचितच म्हणतं, पोट मात्र नेमकं सोमवारी दुखतं. एसडीक्यूत डोकेदुखी-पोटदुखीचा प्रश्न तिसराच आहे. पीएससीच्या मूळ ३५ प्रश्नांच्या यादीत दुखण्याखुपण्याचा प्रश्न आहे, सतरात तो गळला. शिवाय एसडीक्यूचे तेच २५ प्रश्न शिक्षकांनाही देता येतात. सहावीतल्या एका मुलीचे वर्गशिक्षिकेच्या कागदावर अडचणींचे ५ गुण होते, "अगदी गुणी हो" या शेऱ्यासह. आईच्या कागदावर १९. शांत मुली बाईंच्या नजरेतून अशाच सुटतात. दोन कागद शेजारी ठेवले नसते तर मीही तिला सोडून पुढे गेलो असतो.

एसडीक्यूचा जाच नाही असं समजू नका. शब्द बदलायचा नाही, भाषांतर अधिकृतच हवं, परवानगीशिवाय ऑनलाइन फॉर्म करायचा नाही. मोबाईलवर लिंक पाठवून मोकळं होऊ म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना हे पटवताना दमछाक होते.

दवाखान्यात रांग लावून बसलेल्या पालकांकडून पटकन काही हवं असेल, तर पीएससी-१७ बरीच म्हणावी लागेल. तिथे आई अडचण सांगायलाच आलेली असते. गुणही सरळ बेरजेचे, १५ किंवा वर गेले की पुढे पाहायचं. शाळेत आई बोलावली म्हणून येते, आणि मला तरी तिथे एसडीक्यूच हाताला येते.

घेतलीत तर गुण देताना ७, ११, १४, २१ आणि २५ हे प्रश्न सांभाळा. ते उलटे मोजायचे: 'खरं नाही'ला २, 'नक्की खरं'ला ०. पहिल्या वर्षी सातव्याला, म्हणजे आज्ञाधारकपणाला, मी सरळ गुण दिले आणि वर्गातली सगळ्यात ऐकणारी मुलं सीमारेषेवर जाऊन बसली. तेव्हापासून माझ्या गुणतक्त्यात त्या पाच ओळींवर लाल पेन्सिलीची फुली असते.