मेल्यावर काय होतं? कॉन्ट्रा, आयजीआय आणि मॉडर्न वॉरफेअर

मारधाडीचा गेम कसा आहे हे ओळखायचं असेल, तर मेल्यावर तो तुम्हाला कुठे नेऊन ठेवतो ते पाहावं. ग्राफिक्स दोन वर्षांत जुने होतात, हा हिशेब होत नाही.

कॉन्ट्राची घरच्या टीव्हीवर खेळायची आवृत्ती (कोनामी, १९८८) याबाबतीत निर्दय आहे. तीन जीव, एक गोळी लागली की एक खलास, आणि त्यासोबत हातातली बंदूकही जाते. खरा फटका बंदुकीचाच. ‘एस’ अक्षराची बंदूक एका दाबात पाच गोळ्या पसरवून सोडते. ती गेली की साध्या बंदुकीने बॉससमोर, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या बड्या शत्रूसमोर, हाल होतात. ‘एल’ अक्षराचं लेझर दिसायला भारी, पण बटण पुन्हा दाबलं की आधी सुटलेला किरण तिथेच विरतो. हातात ‘एस’ असेल तर ‘एल’ला हात लावू नका. दोघं खेळत असाल तर धबधब्याच्या तिसऱ्या टप्प्यात सांभाळा: पुढचा भराभर चढला की पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला खालच्या कडेला मरतो. तीस जीवांचा कोड (वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, स्टार्ट) शिकताना जरूर वापरा, लाज वाटायचं कारण नाही.

प्रोजेक्ट आयजीआय (इनरलूप स्टुडिओज, २०००) हा आपल्याकडच्या सायबर कॅफे पिढीचा गेम. मोहिमा चौदा, आणि मोहिमेच्या मधे सेव्ह नाही. शेवटच्या दारापाशी गोळी लागली की पुन्हा कुंपणाबाहेरून सुरुवात. इंजिन त्याच कंपनीच्या लढाऊ विमानाच्या गेममधून आलेलं, म्हणून मैदानं अफाट आणि नजर दूरवर पोचते. ही सोय वापरली नाही तर गेम छळतो. आत शिरण्याआधी दुर्बिणीने मनोरे आणि कॅमेरे हेरा, मग नकाशा उघडा. त्यात उपग्रहाचं चालू चित्र दिसतं, पहारेकरी फिरताना दिसतात. पण गेम थांबत नाही, म्हणून आडोशाला बसूनच उघडायचा. कॅमेरे बंद करणारा संगणक आधी गाठा. गजर झाला की बराकीतून सैनिक येतच राहतात, त्यांना मोजून संपवायला जाऊ नका, जागा सोडा. इथेच गेमची कमजोरीही आहे: शत्रू मठ्ठ आहेत, शेजारचा पडला तरी पुष्कळदा ढिम्म, आणि ती उणीव संख्येने भरून काढली आहे. मल्टिप्लेअरही नाही. तरी मोहीम पार पडल्यावर जो सुस्कारा निघतो, तो सेव्ह नसल्यामुळेच.

आजच्या विंडोजवर आयजीआयचा पडदा काळा राहिला किंवा मेनू लुकलुकला, तर डीजीव्हूडू २ हे जुने गेम नव्या विंडोजवर चालवणारं सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या ‘एमएस’ फोल्डरातल्या ‘एक्स८६’मधून डीड्रॉ आणि डी३डीइम या दोन डीएलएल फाइली गेमच्या इएक्सईशेजारी टाका. ‘एक्स६४’मधल्या चालणार नाहीत, गेम ३२-बिट आहे.

कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर (इन्फिनिटी वॉर्ड, २००७) मरण स्वस्त करतो. भिंतीआड थोडा वेळ थांबलं की जखम आपोआप भरते, आणि मेलात तरी चेकपॉइंट, म्हणजे पुन्हा सुरू होण्याची जागा, चार पावलं मागेच. वेग आणि दृश्यं जबरदस्त, पण गोम अशी की बऱ्याच ठिकाणी शत्रू ठरावीक रेषा ओलांडेपर्यंत न संपता येत राहतात. आडोशाला बसून नेम धरणारा तिथे अडकून पडतो. धुराचा बाँब टाकून पुढे घुसावं लागतं. व्हेटरन या सर्वांत कठीण पातळीवर पायाशी हातबाँबचा पाऊस पडतो, तेव्हा एका जागी टिकूच नका. श्रेयनामावलीनंतरची विमानातली मोहीम व्हेटरनवर एका मिनिटात पुरी करायची असते. तिथे मात्र हा गेमही कॉन्ट्राइतकाच कडक होतो.

तिन्हींत एकच घ्यायचा तर आयजीआय, मठ्ठ पहारेकऱ्यांसकट. रोज अर्धाच तास मिळत असेल तर मॉडर्न वॉरफेअर, कारण आयजीआयची एखादी पुढची मोहीम तेवढ्यात आटपत नाही आणि अर्धवट सोडली की सगळं वाया.