नायट्रोजनचा स्वस्त कंटेनर आणि घट्ट बूच

कोल्हापूर परिसरात गावोगाव कृत्रिम रेतन करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, कारण मला फसवणारा माणूस अजून कंटेनर विकतोय.

घरी रेतकांड्यांचा (गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्यांचा) साठा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायला वीस लिटरचा कंटेनर हवा होता. नवा परवडत नव्हता. शहरातल्या एका विक्रेत्याने ‘कंपनीचा, जरासाच वापरलेला’ म्हणून निम्म्या किमतीत एक दाखवला. ताजा रंग, कुठे पोचा नाही. वर म्हणाला, “रबरी बूच घट्ट बसवून दिलंय डॉक्टर, थेंबबी उडायचा नाही.”

त्या बुचाबद्दल आधी सांगतो, कारण इथे प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो. कंटेनर कितीही चांगला असला तरी आत थोडा थोडा वायू होतच राहतो, आणि एका लिटरचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. तो बाहेर पडावा म्हणून मूळ बूच मानेत सैल ठेवलेलं असतं. तिथे घट्ट बूच ठोकलं की आत दाब चढत जातो आणि कंटेनर फुटू शकतो. घरात बायका-पोरं वावरतात तिथे ही वस्तू ठेवायची असते! नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत साठला तर ऑक्सिजन कमी होऊन माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. म्हणून खोली हवेशीर हवी, आणि बंद काचांच्या गाडीतून कंटेनर नेऊ नये.

विक्रेत्याला हे ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. सैल बुचातून जास्त वाफ येताना दिसली असती, तर गिऱ्हाईकाला तिथेच शंका आली असती.

कंटेनर म्हणजे एकात एक दोन भांडी, आणि मधली हवा काढून घेतलेली. हा व्हॅक्यूम गेला की बाहेरची उष्णता आत शिरते. पूर्ण गेला तर बाहेरून घाम सुटतो, मानेजवळ बर्फ धरतो. माझ्या कंटेनरचा व्हॅक्यूम अर्धवट गेलेला होता. बाहेरून अगदी कोरडा. लाकडी पट्टी बुडवून हवेत हलवली, की जिथवर पांढरं दव धरतं तिथवर नायट्रोजन. (पोकळ नळी कधीही घालू नका, वरून द्रव उसळतो.) पट्टीवरची खूण झपाट्याने खाली येत होती. मग दूध संस्थेच्या काट्यावर वजन केलं. वजनातली घट किलोत घ्यायची, ०.८०८ ने (एका लिटर द्रव नायट्रोजनचं किलोतलं वजन) भागायची, की उडालेले लिटर मिळतात. चांगल्या वीस लिटरच्या कंटेनरमधून दिवसाला पाव लिटरसुद्धा जायला नको. माझ्यातून लिटरभराहून जास्त जात होता.

तोवर कांड्या उघड्या पडल्या होत्या. कांडी एकदा गरम झाली की आतले शुक्रजंतू मरतात. नंतर नायट्रोजन काठोकाठ भरला तरी ते परत येत नाहीत, आणि कांडी दिसायला तशीच दिसते. करवीर तालुक्यातल्या एका वस्तीवर पंढरपुरी म्हशी उलटल्या. म्हैस उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, की पुढच्या माजाला साधारण २१ दिवस, आणि म्हशीचा माज मुका, सहज दिसत नाही. तोही हुकला तर आणखी २१. ज्या घराचा किराणा दूधबिलावर चालतो त्या घराने हे का सोसायचं? साठ्यातल्या सगळ्या कांड्या मी टाकून दिल्या.

विक्रेता म्हणाला, “नायट्रोजन उडतोच की.” उडतो, पण एवढा नाही. मग म्हणाला, “तुम्ही धंद्यासाठी घेतलाय, ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही.” हे साफ खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धरली जाते. तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. १९१५ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. मी तक्रार दिली आहे. सोबत पैसे पाठवल्याची नोंद, फोनवरचे संदेश आणि काट्यावरचे आकडे जोडलेत.

जुना कंटेनर घ्यायचाच असेल तर भरून एक दिवस थंड होऊ द्या, मग पुढचे दोन दिवस वजन करा, आणि त्यानंतरच पैसे द्या. विक्रेता एवढं थांबायला तयार नसेल तर तिथून निघा. नाशिकला इंडियन ऑइलच्या क्रायोजेनिक्स विभागात असे कंटेनर बनतात. नव्याच्या भावाची आणि क्षमतेची चौकशी तिथे करून मगच जुन्याचा भाव ठरवा. पक्क्या बिलावर अनुक्रमांक हवा आणि तोच कंटेनरवर ठोकलेल्या क्रमांकाच्या पट्टीवर हवा. माझ्या कंटेनरची पट्टी काढून रिबिटांच्या भोकांवर रंग मारला होता, आणि हवा काढायच्या तोंडावरचं टोपण उचकटून तिथे लांबी (पुट्टी) भरली होती. बोट फिरवलं की ती खरखर लागते.