१९४७ ची इंडियन चीफ की १९४७ ची हार्ली नकलहेड?

दोन्ही अमेरिकन मोटारसायकली, दोन्ही व्ही-ट्विन (V आकारात दोन सिलिंडर), दोन्ही हँडशिफ्ट आणि फूट क्लच (गिअर हाताने, क्लच पायाने), पण स्वभाव अगदी वेगळा. चीफ साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला), १२०० सीसी, चाकं झाकणारे ते मोठ्ठे मडगार्ड, बघतच राहावं अशी. नकलहेड ओव्हरहेड व्हॉल्व्हची (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर), १९३६ ला आली आणि १९४७ ला संपली म्हणजे हे तिचं शेवटचं वर्ष, त्यामुळे भाव साधारण चीफपेक्षा चढाच असतो.

पण खरी गोची नकलहेड घेतानाच होते. १९७० च्या आधीच्या हार्लीला गाडीचा ओळख नंबर इंजिन केसवर (इंजिनाचं दोन भागांचं बाहेरचं कवच), फ्रेमवर नाहीच, त्यामुळे नवीन बनवलेल्या केसवर जुना नंबर ठोकून "ओरिजिनल" म्हणून विकणारे पण आहेत. गाडीखाली झोपायचं, टॉर्च मारायचा आणि केसच्या दोन्ही भागांच्या तळाशी ठोकलेले बेली नंबर एकमेकांशी जुळतात का ते बघायचं, आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा दिसल्या तर सरळ उठून चहा प्यायला जायचं. चकाचक नवा रंग बघून भाळू नका, जुना खरवडलेला ओरिजिनल पेंट असेल तर जाणकार उलट जास्त पैसे मोजतात.

चीफचं इंजिन साधं, दमदार, निवांत चालवायला मस्त. पार्ट दोन्हीचे नवे बनवलेले मिळतात. आता इंडियनच्या स्प्रिंगफील्ड कारखान्यातली चीफ १९५३ लाच बनायची बंद झाली हे खरं, पण मला विचाराल तर चालवायला चीफच, आणि नकलहेड ज्याला पैसा गुंतवायचाय त्याने घ्यावी, तेही नंबर वाचता येणारा माणूस सोबत नेऊन.