फ्रॅक्शनल सीओटू लेसर: पिंपल्सच्या खड्ड्यांवर काय उपयोग झाला, काय नाही

निकाल आधीच सांगते. गालावरचे पसरट, कडा असलेले खड्डे निम्म्याहून जास्त भरले. नाकाशेजारचे अरुंद आणि खोल खड्डे आहेत तिथेच आहेत. लेसरनंतर आत नवं कोलॅजन (त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन) तयार व्हायला तीन ते सहा महिने जातात. माझं शेवटचं सेशन हिवाळ्यात झालं, आता पावसाळा तोंडावर आलाय, म्हणजे जे भरायचं होतं ते भरलं.

चौकशीला आधी जिथे गेले, तिथे चेहरा नीट बघायच्या आधीच सहा सेशनचं पॅकेज आणि 'आज भरलं तर डिस्काउंट' सुरू झालं. उठून आले. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मात्र बॅटरीचा उजेड गालावर तिरका धरून एकेक खड्डा पाहिला, कानामागे छोटी टेस्ट केली आणि नाकाजवळच्या खड्ड्यांना लेसरने फारसा फरक पडणार नाही हे तेव्हाच सांगितलं. या लेसरची तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर, ती त्वचेतल्या पाण्यात शोषली जाते. त्यामुळे बारीक बारीक ठिपक्यांपुरती त्वचा जळते आणि मधली शाबूत राहिलेली त्वचा ती जखम भरून काढते. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगाला नंतर काळे डाग पडायचा धोका जास्त, म्हणून ताकद कमी ठेवून जास्त वेळा करायचं. मला हे पटलं.

दुखतं का? तासभर बधिर करणारं क्रीम लावून बसवतात, तरी जबड्याच्या हाडावर आणि वरच्या ओठाजवळ डोळ्यांतून पाणी येतंच. केस जळल्यासारखा वास येतो, त्याची तयारी ठेवा. खरी आग घरी आल्यावर होते. त्या दिवशी गॅससमोर उभी राहिले तर सासूबाईंनी 'हो बाजूला, मी थापते भाकरी' म्हणून हाकललं, ते बरंच झालं. वाफ, घाम, तांबड्या रश्शाचा ठसका, सगळं आठवडाभर बंद. तिसऱ्या दिवशी चेहरा पॉलिश पेपरसारखा खरखरीत आणि तपकिरी होतो. खपली खरवडायची नाही. आत्या हळद-चंदन घेऊन आल्या होत्या, त्यांना प्रेमाने परत पाठवलं. साध्या व्हॅसलिनशिवाय काही लावलं नाही.

आता मुख्य गोष्ट. दुसरं सेशन मी पावसाळ्यात घेतलं, ऊन नसतं म्हणून. पण ढगांतूनही अतिनील किरणं येतात, आणि मी रोज ॲक्टिव्हावरून शिरोली एमआयडीसीत जाते. सनस्क्रीन लावत होते, स्कार्फ होता, तरी गालफडांवर तपकिरी चट्टे उठले. खड्डे कुणी कधी विचारले नव्हते; चट्ट्यांवर मात्र ऑफिसात प्रत्येकीने 'काय गं, तोंडाला काय झालं?' केलं. बाईंनी पुढचं सेशन लांबवलं, रात्री लावायचं क्रीम दिलं, सनस्क्रीन आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाचं घ्यायला लावलं (आपल्या त्वचेवर ते पांढरं दिसत नाही, हा वेगळा फायदा). चट्टे जायला तीनेक महिने लागले. हिवाळ्यातल्या सेशनला मशीनच्या ठिपक्यांची घनता कमी ठेवली, तेव्हा काही झालं नाही.

लग्नकार्य महिन्यावर आलं असेल तर या भानगडीत पडू नका, लाली तेवढी टिकू शकते. ओठावर ताप उठायची सवय असेल, जखमेचे वण फुगत असतील किंवा पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा. आणि पिंपल्स अजून येत असतील तर आधी ते थांबवा. नवे खड्डे पडत असताना जुने भरण्यात पैसे घालवून काय करायचं?

नाकाजवळच्या खड्ड्यांसाठी टीसीए क्रॉस सुचवलंय, त्यात खड्ड्याच्या तळाशी तीव्र ॲसिडचा थेंब लावतात. पाऊस सरल्यावर ते करून बघेन. लेसर पुन्हा नाही घेणार, गालांचं काम झालंय.