‘बर्न यशस्वी’ म्हणतो, पण डिस्क उघडत नाही: यूएसबी डीव्हीडी रायटर, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

यूएसबीला जोडायचा एक पातळ डीव्हीडी रायटर मी गेले बरेच महिने नियमित वापरतोय. घरचे व्हिडिओ, स्कॅन केलेली कागदपत्रं, जुन्या फोटोंची फोल्डरं असा कायमचा ठेवायचा ऐवज मी अजूनही डिस्कवर लिहितो. डीव्हीडी-आरवर एकदा लिहिलेलं व्हायरसला बदलता येत नाही आणि चुकून डिलीट केलं तरी जात नाही. त्यामुळे या यंत्राकडून मला एकच गोष्ट हवी होती: त्यानं लिहिलेली डिस्क दुसऱ्या ड्राइव्हवर उघडली पाहिजे. सुरुवातीला नेमकं तेच होत नव्हतं. डिस्क लिहिणारा (बर्न करणारा) प्रोग्राम ‘यशस्वी’ सांगायचा, आणि तीच डिस्क दुसऱ्या संगणकात घातली की ती तरी घरघर करत बसायची किंवा अर्ध्या फाइलींवर अडायची. आज तोच रायटर त्याच संगणकावर चांगल्या डिस्क देतोय. मधे काय काय सापडलं ते सविस्तर लिहितो, कारण अशा वेळी रायटर बदलून टाकणं हा पहिला विचार मनात येतो आणि पुष्कळदा दोष रायटरमध्ये नसतोच.

आधी लक्षण नीट ओळखायला हवं. ‘डिस्क वाचत नाही’ असं आपण म्हणतो, पण त्यात तीन निरनिराळ्या तक्रारी असतात आणि तिघींची कारणंही निराळी. दुसरा ड्राइव्ह डिस्क कोरीच आहे म्हणतो, ही पहिली. फाइलींची यादी दिसते, सुरुवातीच्या फाइली कॉपीही होतात, पण शेवटच्या अडकतात, ही दुसरी. संगणकावर सगळं ठीक, पण टीव्हीजवळचा प्लेअर डिस्क घेत नाही, ही तिसरी.

तिसरीचा निकाल चटकन लागतो. जुन्या डीव्हीडी प्लेअरला व्हिडिओ डीव्हीडीची ठरलेली रचना लागते, म्हणजे व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर आणि त्यात ठरावीक प्रकारच्या फाइली. एमपी४ फाइल तशीच डिस्कवर टाकली तर ती डेटा डिस्क होते, आणि असे बरेच प्लेअर ती नाकारतात. डीव्हीडी+आर (डीव्हीडी-आरसारखाच दुसरा प्रकार) वापरत असाल आणि प्लेअर जुना असेल, तर रायटरला जमत असल्यास डिस्कचा बुक टाइप, म्हणजे डिस्कवरची तिच्या प्रकाराची नोंद, ‘डीव्हीडी-रॉम’ असा लिहायला सांगा. त्यानं काही हट्टी प्लेअर वळणावर येतात. ही सोय डीव्हीडी-आरला नाही.

कोरी दिसणारी डिस्क बहुतेक वेळा बंद न केलेली, म्हणजे लिखाण संपल्याची नोंद न केलेली असते. विंडोजमध्ये कोरी डिस्क घातली की दोन पर्याय येतात: पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी लिहायची. पहिल्या पर्यायात फाइली हव्या तशा टाकता येतात, पण सत्र (त्या वेळचं लिखाण) बंद होईपर्यंत इतर ड्राइव्हना ती डिस्क कळेलच याची खात्री नसते. दुसरीकडे न्यायची डिस्क नेहमी दुसऱ्या पर्यायानं लिहावी आणि शेवटी फायनलाइज, म्हणजे कायमची बंद, करावी. तरीही कोरी दिसली तर एक सोपी चाचणी आहे. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. ड्राइव्हमध्ये हे दोन वेगळे स्रोत असतात आणि एक दमला तरी दुसरा चालू राहतो. म्हणून एक सीडी आणि एक डीव्हीडी, दोन्ही लिहून पाहा. सीडी उत्तम आणि प्रत्येक कंपनीची डीव्हीडी खराब येत असेल, तर मात्र ड्राइव्हवर संशय घ्यायला जागा आहे. बाजारातून आणलेली छापील डीव्हीडी नीट चालते म्हणून लेझर ठणठणीत असं समजू नका. वाचायला लागते त्याच्या कितीतरी पट ताकद लिहायला लागते.

माझा खरा वेळ गेला तो दुसऱ्या तक्रारीत, शेवटच्या फाइली अडकण्यात. डिस्कवर लिखाण आतून बाहेर होतं, म्हणजे शेवटच्या फाइली बाहेरच्या कडेला असतात. कडेला डिस्क जास्त थरथरते आणि तिथला वाकही जास्त असतो. शिवाय माझा रायटर आतल्या बाजूला कमी वेगानं सुरू करतो आणि ८एक्सचा (डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या आठपट) वेग कडेला पोचल्यावरच गाठतो. म्हणजे डिस्कची सर्वांत अवघड जागा तो सर्वांत घाईनं लिहितो, आणि त्याच वेळी त्याला वीजही जास्त लागते. यूएसबी २ चं पोर्ट नियमानं ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. पातळ रायटर लिहिताना काही क्षण याच्या वर जाऊ शकतात. माझा रायटर टेबलावरच्या हबला जोडलेला होता, आणि त्या हबला स्वतःचा वीजपुरवठा नव्हता. कीबोर्ड आणि माउसही त्याच हबवर होते. वीज कमी पडली म्हणून प्रोग्राम काही बोलत नाही. लेझर थोडा कमी तापतो, खुणा पुसट उमटतात आणि बर्न ‘यशस्वी’ होतं.

रायटर संगणकाच्या मागच्या पोर्टला थेट लावला आणि संगणकाकडे दोन प्लग असलेल्या केबलनं शेजारच्या पोर्टवरूनही वीज दिली, तेव्हा फरक लगेच दिसला. डिस्क त्याच खोक्यातल्या, वेग तोच, फाइली त्याच, पण आता शेवटची फाइलही दुसऱ्या ड्राइव्हवर उघडत होती. हे पडताळताना मी एक नियम कसोशीनं पाळला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल, डिस्क आणि वेग एकदम बदलले तर डिस्क सुधारेलही, पण कशानं सुधारली ते कधीच कळणार नाही.

बफर, म्हणजे लिहिण्याआधी डेटा साठवायची ड्राइव्हमधली जागा, रिकामा होऊन डिस्क वाया जाण्याची जुनी भीती आता बाळगायचं कारण नाही. साधारण २००० सालापासून ड्राइव्हमध्ये थांबून पुन्हा तिथूनच लिहायची सोय आली आहे.

वीज सुधारल्यावरही काही डिस्क खराब निघत राहिल्या, आणि त्यातून कोऱ्या डिस्कचा विषय उघडला. खोक्यावरचं नाव आणि डिस्क बनवणारा कारखाना एकच असतो असं नाही. प्रत्येक कोऱ्या डीव्हीडीवर तिच्या निर्मात्याचा एक सांकेतिक क्रमांक आधीच कोरलेला असतो. विंडोजवर इम्गबर्न हा डिस्क लिहायचा प्रोग्राम उघडून डिस्क घातली की तो उजवीकडच्या चौकटीत दिसतो. रायटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये, अशा क्रमांकांची यादी असते, आणि डिस्कच्या कुठल्या रंगद्रव्यावर (त्याच थरात खुणा उमटतात) लेझर किती वेळ, किती ताकदीनं चालवायचा याची कृती त्या यादीप्रमाणे ठरते. क्रमांक ओळखीचा नसेल तर रायटर सरधोपट कृती वापरतो. माझ्याकडे एकाच नावाची दोन खोकी होती आणि आतले क्रमांक वेगळे निघाले. एकातल्या डिस्क कायम चांगल्या आल्या, दुसऱ्यातल्या कायम कडेला अडखळल्या. तेव्हापासून नवं खोकं आणलं की मी नाव बघत नाही, क्रमांक बघतो.

वेगाबद्दल एक समज पक्का बसलाय की जितकं हळू तितकं चांगलं. तसं नाही. आजच्या १६एक्स डिस्कची रंगद्रव्यं मधल्या आणि वरच्या वेगांसाठी बनवलेली असतात, आणि फर्मवेअरची कृतीही त्याच वेगांसाठी घासूनपुसून केलेली असते. माझ्या ८एक्स रायटरवर मधल्या, म्हणजे ४एक्सच्या वेगाचा निकाल सर्वांत सारखा येतो. पूर्ण भरलेल्या डिस्कला साधारण १४ मिनिटं लागतात. डीव्हीडीचं १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी, त्यावरून तुमचा हिशोब तुम्हालाही करता येईल. तसंच मी डिस्क काठोकाठ भरत नाही. ४.७ जीबी ही लिहिलेली क्षमता विंडोजमध्ये ४.३७ जीबी दिसते. त्यातले ४ जीबी वापरून कड मोकळी सोडतो.

तपासणीवर मी थोडा अडून बसेन. ज्या रायटरनं डिस्क लिहिली त्यानंच ती वाचून दाखवली, तर ते प्रमाणपत्र अर्धंच आहे. लिहिणारी आणि वाचणारी लेन्स एकच, तिचा कलही तोच, त्यामुळे दुसऱ्याला न दिसणारी खूण तिला दिसते. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालावी आणि मूळ फाइलींच्या एसएचए-२५६ बेरजा (फाइलीतल्या डेटावरून काढलेली ओळखखूण) डिस्कवरच्या फाइलींच्या बेरजांशी ताडून पाहाव्यात. त्याही पुढची पायरी म्हणजे चुकांचा आलेख. डीव्हीडीत चूकदुरुस्तीची मोठी सोय असते. बांधाला पाणी टेकेपर्यंत शेत कोरडंच दिसतं, तसं दुरुस्ती पुरी पडते तोवर फाइल निर्दोषच दिसते. आत चुका किती वाढल्यात ते आलेखातच कळतं. माझ्या जुन्या डेस्कटॉप ड्राइव्हला हे मोजता येतं, सगळ्या ड्राइव्हना येत नाही. नीरो डिस्कस्पीड या तपासणीच्या प्रोग्राममध्ये मी दोन गोष्टी बघतो: पीआय चुका (चूकदुरुस्तीच्या पहिल्या फेरीत सापडणाऱ्या) लागोपाठच्या ८ ब्लॉकमध्ये मिळून २८० च्या आत, आणि दुरुस्त न झालेल्या चुका शून्य. हबवर लिहिलेल्या डिस्कचा आलेख आत शांत आणि कडेला उभा चढलेला होता. थेट पोर्टवर लिहिलेल्या डिस्कचा शेवटपर्यंत बुटका राहिला. हबवरच्या ज्या डिस्क तेव्हा कशाबशा वाचल्या गेल्या, त्यांतल्या काही आता अजिबात उघडत नाहीत. थेट पोर्टवरच्या चांगल्या डिस्क मात्र काही महिन्यांनी पुन्हा मोजल्या तेव्हाही जवळजवळ तशाच होत्या.

लेन्स साफ करायच्या ब्रशवाल्या डिस्क मी वापरल्या नाहीत. नव्या ड्राइव्हमध्ये धूळ हे कारण क्वचितच असतं. फर्मवेअर अपडेट मात्र बघावं. बाहेरच्या रायटरच्या डब्यात पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीचा ड्राइव्ह बसवलेला असतो, तेव्हा संगणक जे मॉडेल दाखवतो त्याचंच फर्मवेअर घ्या, खोक्यावरच्या नावाचं नको. कागदी लेबलं चिकटवू नका. त्यानं तोल जातो आणि डिस्क वाकते. सीडीच्या बाबतीत वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा नाजूक असते, कारण चकचकीत थर लाखेच्या अगदी खालीच असतो. डीव्हीडीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित असतो.

यंत्राबद्दल सांगायचं तर आवाज कमी, वजन कमी, आणि ओरखडे पडलेल्या जुन्या सीडीही त्यानं चिकाटीनं वाचल्या. तक्रारी दोन आहेत. जास्तीच्या विजेसाठी बाजूला सोय दिली आहे, पण खोक्यात ना अडॅप्टर ना दुसरी केबल, आणि माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नाही. ती एक ओळ असती तर माझ्या कितीतरी डिस्क वाया गेल्या नसत्या. दुसरी तक्रार ट्रेची. पातळ ड्राइव्हचा ट्रे हातानं आत ढकलावा लागतो, त्यामुळे ‘लिही, काढ, घाल, तपास’ हे आपोआप होत नाही, समोर बसावं लागतं.

८.५ जीबीच्या दोन थरांच्या डिस्क मी या रायटरवर लिहीत नाही. त्यात पहिला थर आतून बाहेर आणि दुसरा बाहेरून आत लिहिला जातो. पूर्ण भरली तर थर बदलण्याची जागा नेमकी कडेला, म्हणजे जिथे हा रायटर सर्वांत कमजोर आहे तिथे येते. माझ्या अशा डिस्क त्याच ठिकाणी अडल्या, ४एक्सला आणि थेट पोर्टवरही. तेवढा डेटा मी साध्या दोन डिस्कवर विभागून लिहितो.