शाळेचा कायदा एका रविवारात : कार्यशाळेचा अनुभव, क्लार्कच्या टेबलावरून

मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेली जाहिरात ज्यांनी पाहिली असेल, त्यांना कार्यशाळा कुठली ते कळेलच. आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं तक्रारीही आहेत आणि आम्हाला याच गावात राहायचंय. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा रविवार, सकाळी दहा ते पाच, कोल्हापुरात शाहूपुरीतला एक हॉल. फी माणशी दीड हजार. त्यात दोनदा चहा, जेवण आणि एक जाडजूड फाईल. वक्ते दोन : शाळा न्यायाधिकरणात (खाजगी शाळांतल्या नोकरीचे तंटे जिथं चालतात तिथं) मुरलेले एक वकीलसाहेब आणि शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी.

मी करवीर तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलचा वरिष्ठ लिपिक. जाहिरातीत ‘मुख्याध्यापक व पर्यवेक्षकांसाठी’ असं ठळक छापलं होतं. आमच्या मॅडम म्हणाल्या, “भाऊ, तुम्हीपण चला. कागद सगळे तुमच्याकडंच असतात.” हॉलमध्ये लिपिक म्हणून बोटांवर मोजण्याइतकेच होतो, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त लिहून घेत होतो तेही आम्हीच.

सुरुवात निवृत्त साहेबांनी केली, अर्थातच शाहू महाराजांपासून. १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. कोल्हापुरात हे कुणाला सांगावं लागत नाही. पण साहेबांनी त्याला लगेच २००९ चा शिक्षणहक्क कायदा जोडला, तिथं कान टवकारले. तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला, आणि त्यात पालकाला दंड नाही. कर्तव्य पालकाचंही आहे, पण ते पाळलं नाही म्हणून शिक्षा नाही. जबाबदारीचं ओझं सरकारवर आणि शाळेवर. म्हणजे फिरून आमच्याच खिडकीवर.

पुढचा दीड तास पैसे वसूल होते. प्रवेश आणि दाखला, बस, एवढाच विषय. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या तळावर बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांची पोरं दारात उभी राहतात, हातात ना जन्मदाखला ना शाळा सोडल्याचा दाखला. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम ४ प्रमाणे मूल वयाला साजेशा वर्गात बसतं. कलम ५ तर आमच्यासारख्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवावं असं. दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हे प्रवेश अडवायला किंवा लांबवायला कारण होत नाही. आणि दाखला मागितल्यावर जो मुख्याध्यापक तो लगेच देत नाही, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. समोरच्या रांगेतल्या एका सरांनी विचारलं, “आणि मागची फी थकली असेल तर?” साहेब शांतपणे म्हणाले, “थकबाकीची वही वेगळी, दाखल्याचं पुस्तक वेगळं. एकात एक घालू नका.” सरांनी पेन खाली ठेवलं.

याच भागात जनरल रजिस्टरच्या, म्हणजे शाळेत दाखल मुलांच्या नोंदवहीच्या, नवीन नोंदींचंही आलं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदात मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. ही मुलं आमच्या पाचवीच्या दारात यायला अजून वेळ आहे, पण बालवाडीवाल्यांना पुढच्या दोन-तीन वर्षांतच रकाने बदलावे लागणार. जन्मतारीख आणि जातीच्या नोंदीत दुरुस्ती करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी. लाल शाईनं खाडाखोड करून वर सही ठोकली की झालं, हा समज बऱ्याच शाळांत अजून आहे. साहेबांनी एका जुन्या रजिस्टरच्या पानाची, नावं झाकलेली, झेरॉक्स पडद्यावर दाखवली. एकाच मुलाच्या जन्मतारखेवर तीन वेगवेगळ्या शाया. हॉलमध्ये हसू पिकलं, पण सगळे जरा जपूनच हसले.

दुसरं सत्र वकीलसाहेबांचं, पोक्सोवर. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा २०१२ चा कायदा, वय १८ च्या आतलं कुणीही. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या ऑगस्ट २०२४ मधल्या घटनेनंतर आलेलं शासनाचं परिपत्रक, सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती हे सगळं फाईलमध्ये होतंच. पण या सत्राचा खरा जीव एका वादात होता. कागलकडचे एक मुख्याध्यापक उठले. म्हणाले, “पोरगी सांगत्या, पण आधी आपण जरा खात्री करून घ्यायला नको? एखाद्या शिक्षकाचं आयुष्य आहे की.” प्रश्न प्रामाणिक होता, आणि निम्म्या हॉलच्या मनात तोच होता. वकीलसाहेबांनी फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या : ‘शाळा तपास करत नाही. शाळा कळवते.’ कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेच्या समितीनं आधी आठवडाभर जबाब घेत बसणं त्यात कुठंच बसत नाही. हाताखालच्या माणसाविरुद्धची गोष्ट संस्थाप्रमुखानं कळवली नाही, तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. शिक्षकाची बाजू तपासायला पोलीस आहेत, कोर्ट आहे. आणि मुलीचं नाव शाळेच्या ग्रुपवर, नोटीस बोर्डावर, ठरावाच्या वहीत उघडं टाकायचं नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. कागलचे सर खाली बसले, पण पटलं असं त्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही. मला वाटतं असल्या वादाला अजून अर्धा तास द्यायला हवा होता. आयोजकांनी घड्याळ दाखवलं.

जेवण. कोल्हापुरात रविवारी दुपारी पुलाव, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड. याविरुद्ध अपील कुठं करायचं ते मात्र फाईलमध्ये नव्हतं. श्रीखंड चांगलं होतं, एवढं लिहून सोडतो.

दुपारच्या सत्राची सुरुवात घसरली. वकीलसाहेबांनी अमेरिकेच्या स्लाईड लावल्या. आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात मुलं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधात दंडाला काळ्या फिती बांधून शाळेत आली, शाळेनं निलंबित करून घरी पाठवलं, १९६९ साली तिथलं सुप्रीम कोर्ट मुलांच्या बाजूनं उभं राहिलं. मग न्यू जर्सीतली एक मुलगी, तिच्या पर्समधल्या सिगारेटी, १९८५ चा निकाल : तिथल्या सरकारी शाळेला झडतीसाठी वॉरंट नको, पण संशयाला वाजवी कारण हवं. ऐकायला बरं होतं. पण जेवणानंतर इंग्रजी स्लाईड मोठ्यानं वाचून दाखवणं म्हणजे हॉलला अंगाई. मागच्या दोन रांगा झोपल्या.

त्यांनी तिथून थेट आपल्या १९८६ च्या निकालावर यायला हवं होतं, पण आले ते बरंच उशिरा. केरळातली तीन भावंडं, येहोवाचे साक्षीदार या पंथाची. प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची, पण गायची नाहीत. शाळेनं काढलं. आपल्या सुप्रीम कोर्टानं बिजो इमॅन्युएल खटल्यात त्यांना परत शाळेत घ्यायला सांगितलं. हे मात्र आमच्या कामाचं. आपल्याकडच्या शाळेत शिस्तीच्या नावाखाली काय काय चालतं हे आम्हाला माहीत आहे, आणि मुलाच्या विवेकाला संविधान वजन देतं, हे ऐकून एक-दोन पीटीचे सर अस्वस्थ झाले. एका मॅडमनी मोबाईल जप्तीबद्दल विचारलं. उत्तर व्यवहारी मिळालं : जूनमध्येच पालकांच्या सहीनं नियम कळवा, फोन घेतला तर त्याची नोंद वहीत करा, परत द्यायचा तो पालकाच्याच हातात, आणि आतलं काही उघडून बघू नका. मारणं, मुलांदेखत अपमान करणं याला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं सरळ बंदी आहे, हे सांगताना त्यांनी आवाज चढवला नाही, आणि ते बरं वाटलं. दिवसभरात जिथं जिथं भीती घालायचा प्रयत्न झाला तिथं मी लिहायचं थांबलो होतो.

शेवटचं सत्र म्हणजे माझ्यासाठी मेजवानी. १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली. प्रत्येक टेबलाला एक खोटा निलंबन आदेश दिला : संस्थेच्या लेटरहेडवर, अध्यक्षांच्या सहीनं, एका शिपायाला ‘तात्काळ प्रभावाने’ घरी बसवलेला. चुका शोधा. आमच्या टेबलावर मॅडमनी आधी भाषेच्या चुका काढल्या. मी वरचा कोपरा पाहिला : जावक क्रमांकच नव्हता. मग खाली : चौकशी करायची की नाही याचा ठराव झाल्याचा उल्लेख नाही, निलंबनाची मुदत नाही, निलंबनाच्या काळात द्यायच्या निर्वाह भत्त्याचा चकार शब्द नाही. वकीलसाहेबांनी त्यात भर घातली. शिक्षण खात्याची पूर्वमान्यता न घेता निलंबित केलं, तर पहिल्या दिवसापासून निर्वाह भत्ता संस्थेनं स्वतःच्या पैशातून द्यायचा. चौकशी समितीत तीन जण : एक संस्थेचा, एक कर्मचाऱ्यानं निवडलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. चौकशी १२० दिवसांत उरकायची. बडतर्फीविरुद्ध ३० दिवसांत न्यायाधिकरणात अपील. “यातला एक कागद चुकला,” ते म्हणाले, “की माणूस पाच वर्षांनी मागच्या पगारासकट परत येतो. आणि तुम्ही त्याच ऑफिसात त्याच्याशेजारी बसता.”

त्याच्यावर कुणीतरी म्हणालं, आता हायकोर्टही जवळ आलंय. खरंच. १८ ऑगस्ट २०२५ पासून भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयाजवळच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय. पूर्वी न्यायाधिकरणात हरलेला माणूस महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायचा, वकिलाची फी ऐकून अर्ध्या वाटेतच तडजोड करायचा. आता तो केएमटीच्या सिटी बसनं जाईल. संस्थांनी आदेश जपून लिहावेत, असं याच्याइतकं सबळ कारण दुसरं नाही.

आणि मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सुप्रीम कोर्टाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलंय. कार्यक्रमपत्रिकेत हा विषय नव्हता, तरी शेवटचा पाऊण तास त्यानंच खाल्ला. सगळे एकदम बोलत होते. वकीलसाहेबांनी अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे गेलाय इतकं सांगितलं आणि माईक आयोजकांकडं दिला. आयोजकांनी आभार मानून टाकले. अशा तापलेल्या विषयाची तयारी न करता कार्यशाळा घेणं ही सरळ ढिलाई.

फाईलबद्दल. जाडी चांगली, आत गोंधळ. शासन निर्णयांच्या झेरॉक्स इतक्या पुसट की जीआरचा क्रमांक वाचता येत नाही, आणि आमच्या ऑफिसात क्रमांकाशिवाय जीआर म्हणजे रद्दी. अनुक्रमणिका नाही. दोन कागद दोनदा लावलेत. कोरे नमुने मात्र उत्तम : पालकांचं वयाचं प्रतिज्ञापत्र, माहिती अधिकाराच्या अर्जाला द्यायच्या उत्तराचा मसुदा, मोबाईल जमा नोंद. ते मी सोमवारीच टाईप करून घेतले.

तर जा का? मुख्याध्यापक एकटे जाणार असतील तर साडेतीन तारे. सोबत क्लार्क असेल तर साडेचार, कारण निम्मं काम त्याच्याच हातून होतं. आणि आयोजकांना एक सूचना : पुढच्या खेपेला संस्थांच्या अध्यक्ष-सचिवांसाठी वेगळा दिवस ठेवा. निलंबनाच्या आदेशावर सही त्यांची असते. आमच्या अध्यक्षसाहेबांची फी लागली तर मी भरतो, फक्त पावतीवर माझं नाव टाकू नका.